ब्रोशरमध्ये नसलेला आकडा

मायलेज पाठ, सीसी पाठ, ग्राउंड क्लिअरन्स तर मिलिमीटरमध्ये पाठ. पण वळणावर गाडी चार चाकांवर राहणार की आडवी होणार, हे ज्या उंचीवर ठरतं ती उंची किती? ती ब्रोशरमध्ये सहसा सापडत नाही आणि टेप लावूनही मोजता येत नाही. एक जॅक, एक चांगला काटा आणि दहावीची त्रिकोणमिती एवढं असलं, की मात्र ती हाताशी येते.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणाची नवी गाडी आली की पुढचा सीन ठरलेला. एक जण बॉनेट उघडतो, दुसरा सनरूफ बघतो, तिसरा 'टॉर्क किती रे?' असं विचारून भाव खातो. 'हिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच?' असं विचारणारा अजून भेटायचाय. खरं तर ट्रिपला निघालेल्या आठ जणांच्या जिवाशी ज्या आकड्यांचा थेट संबंध असतो, त्यात हा बराच वरचा आहे.

मेकॅनिकलवाल्यांनो, हा तुमच्या सिलॅबसचा भाग आहे. बाकीच्यांनो, पान उलटू नका. गणित लागेल, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे फारसं नाही.

काट्याला उंची कळतच नाही

गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे शाळेत शिकलोय. गाडीचं इंजिन, दारं, सीट, डिझेल, तुमची सॅक या सगळ्याचं वजन जणू एकाच टिंबात गोळा झालंय असं मानायचं. ते टिंब म्हणजे गुरुत्वमध्य, इंजिनिअरिंगच्या बोलीभाषेत 'सीजी'.

या टिंबाचे तीन पत्ते लागतात. पुढे-मागे कुठे, डावी-उजवीकडे कुठे आणि जमिनीपासून किती वर. पहिले दोन अगदी सोपे. समजा, गाडीचं वजन १००० किलो आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.५ मीटर आहे. पुढची दोन चाकं काट्यावर ठेवली, ६०० किलो आले. मागची ठेवली, ४०० आले. मग सीजी मागच्या अ‍ॅक्सलपासून २.५ च्या ०.६ पट, म्हणजे १.५ मीटर पुढे. झालं. डाव्या-उजव्या बाजूचंही तसंच.

गोची होते ती तिसऱ्या पत्त्याची. सपाट जमिनीवर उभी असलेली गाडी काट्याला फक्त सरळ खाली दाबते. टिंब अर्ध्या मीटरवर असो नाहीतर दोन मीटरवर, काट्यावर आकडा तोच. टपावर ठेवलेलं पोतं आणि सीटखाली ठेवलेलं पोतं यांत काट्याच्या लेखी काहीच फरक नाही.

मग उंची कळणार कशी? गाडी तिरकी करून.

घर बदलताना लोखंडी कपाट जिन्यावरून उचललंय कधी? कपाट उभं धरलेलं, दोघांचे हात तळाला. सपाट पॅसेजमध्ये वजन निम्मं-निम्मं. जिना सुरू झाला की खालच्या पायरीवरचा ओरडायला लागतो, कारण कपाटाचा भार त्याच्याकडे झुकतो. कपाट जितकं उंच, तितका हा झुकाव जास्त. गाडीचंही हेच. मागची बाजू उचलली की पुढच्या चाकांवरचं वजन वाढतं. किती वाढलं, ते मोजायचं आणि त्यावरून टिंब किती वर आहे ते काढायचं. अख्खी पद्धत या एका कल्पनेवर उभी आहे. वाहनाचा गुरुत्वमध्य कसा काढावा यासाठी 'आयएसओ १०३९२' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही अ‍ॅक्सल उचलून वजन घेण्याची ही पद्धत दिलेली आहे.

चला, मोजू या

आधी गाडी सपाट जमिनीवर ठेवून पुढच्या चाकांवरचं वजन नोंदवा. आपलं ६०० किलो. चाकाच्या मध्यबिंदूची जमिनीपासून उंची मोजा. समजा २८ सेंटिमीटर. ही उंची गाडी चाकांवर उभी असतानाच मोजायची, कारण वजनाने टायर थोडा बसतो. पुढची-मागची चाकं एकाच मापाची आहेत असं आपण धरलंय.

आता मागची चाकं ७० सेंटिमीटर वर न्या. व्हीलबेस २.५ मीटर, उचल ०.७ मीटर, म्हणजे कोनाचा साइन ०.२८. कॅलक्युलेटर काढा: कोन साधारण १६.३ अंश आणि टॅन ०.२९२. पुढच्या काट्यावर बघा. समजा ६०० चे ६३० किलो झाले. वाढ ३० किलो.

सूत्र असं:

सीजीची उंची = चाकाच्या मध्याची उंची + (व्हीलबेस × वाढलेलं वजन) ÷ (एकूण वजन × कोनाचा टॅन)

आकडे घाला. २.५ गुणिले ३० म्हणजे ७५. खाली १००० गुणिले ०.२९२, म्हणजे २९२. भागाकार साधारण ०.२५७ मीटर. त्यात चाकाच्या मध्याचे ०.२८ मिळवले की उत्तर ०.५३७ मीटर. म्हणजे या गाडीचं टिंब जमिनीपासून सुमारे ५४ सेंटिमीटरवर आहे. ड्रायव्हर सीटवर बसतो, त्याच्या आसपासची उंची.

चाकाच्या मध्याची उंची का मिळवली? कारण गाडी तिरकी होताना चाकं अ‍ॅक्सलभोवती फिरू शकतात. त्यामुळे आधाराचा हिशेब अ‍ॅक्सलच्या पातळीवरून होतो आणि सूत्र आपल्याला 'अ‍ॅक्सलच्या किती वर' एवढंच सांगतं. व्हायवाला हा प्रश्न येतो, लक्षात ठेवा.

घोळ कुठे होतो?

कागदावर पाच मिनिटांचं काम. वर्कशॉपमध्ये अख्खा दिवस जातो आणि उत्तर तरीही भलतंच येऊ शकतं. कारण बघा: आपण १००० किलोच्या गाडीत जेमतेम ३० किलोचा फरक शोधतोय. काटा एका किलोने चुकला, तर उंची जवळजवळ ९ मिलिमीटरने चुकते. आता कुणी म्हणेल, 'हायवेच्या वजनकाट्यावर नेऊ की गाडी!' ट्रक तोलणारे असे अनेक काटे पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. पाच किलोची चूक म्हणजे उंचीत सव्वाचार सेंटिमीटरची चूक. उसाच्या ट्रॉलीला तो काटा ठीक आहे, या कामाला नाही. इथे प्रत्येक चाकाखाली ठेवायचे वेगळे, बारीक काटे लागतात.

दुसरा मोह म्हणजे कमी उचलणं. '७० सेंटिमीटर कशाला, २० पुरे' असं म्हणून मोकळं व्हायचं. पण २० सेंटिमीटरला कोनाचा टॅन ०.०८ च्या आसपास येतो आणि मग एका किलोची चूक उंचीत तीन सेंटिमीटरहून मोठी होते. म्हणून गाडी जेवढी सुरक्षितपणे उचलता येईल तेवढी उचलायची. फक्त पुढचा बंपर जमिनीला टेकत नाही ना, ते बघायचं. बंपर टेकला की वजन काट्याऐवजी जमिनीवर जातं आणि सगळं मुसळ केरात.

तिसरी गोष्ट सस्पेन्शनची. पुढे वजन वाढलं की पुढच्या स्प्रिंगा दबतात, मागच्या सुटतात आणि बॉडी अ‍ॅक्सलच्या मानाने सरकते. म्हणजे जे टिंब मोजायचं तेच हललं! त्यामुळे मोजणीपुरते शॉकअप काढून त्याच लांबीच्या लोखंडी पट्ट्या लावतात, किंवा बॉडी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लाकडी ठोकळे घट्ट बसवतात. टायरची हवा थोडी जास्त ठेवतात, म्हणजे टायर कमी दबतो.

चौथी, पेट्रोलची. अर्धी टाकी म्हणजे गाडीच्या पोटात हलणारं वजन. टाकी एक तर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, टूलकिट, सीटखालची पाण्याची बाटली, जे काही घरंगळू शकतं ते बांधा किंवा काढा.

पाचवी गोष्ट नवख्या टीमच्या हमखास नजरेतून सुटते. गाडी तिरकी झाली की पुढच्या-मागच्या चाकांमधलं आडवं अंतर कमी होतं. आपल्या उदाहरणात २.५ मीटरचं २.४ होतं, म्हणजे चक्क १० सेंटिमीटर. हँडब्रेक ओढलेला असेल तर चाकं फिरत नाहीत, टायर काट्यावर घासतात, ओढ बसते आणि आकडा बिघडतो. म्हणून गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, वर उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम अडण आणि पुढची चाकं मोकळी. काटाही अशा जागी ठेवायचा की सरकल्यावर चाक त्याच्या मधोमध येईल.

आणि हे सगळं नुसत्या जॅकवर करायचं नाही, बरं का! चाकांखाली पक्का रॅम्प किंवा लिफ्ट, सोबत वर्कशॉपचे सर, आणि गाडीखाली कुणीही डोकं घालायचं नाही. सुरक्षिततेचा आकडा मोजताना अपघात झाला तर त्याच्याइतकं वाईट काही नाही.

एकाच मोजणीवर विश्वास ठेवू नका. २०, ३०, ४० करत ७० सेंटिमीटरपर्यंत उचला, दर वेळी वाढलेलं वजन आणि कोनाचा टॅन लिहा आणि ग्राफ काढा. सगळे बिंदू शून्यातून निघणाऱ्या एका सरळ रेषेवर आले, तर तुमचं काम चोख. रेषा वाकली, तर आत काहीतरी हलतंय: स्प्रिंग, टाकीतलं पेट्रोल किंवा टायर. ग्राफ स्वतःच चुगली करतो, ही या प्रयोगातली सगळ्यात भारी गोष्ट.

५४ सेंटिमीटरचं करायचं काय?

आता मुद्द्याचं. गाडी वळते तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाजूला फेकले जाता, तसंच हे टिंबही बाहेर जाऊ बघतं. टिंब जितकं उंच, तितका गाडीला उलथवणारा जोर मोठा. तिला धरून ठेवतं ते तिचं वजन आणि चाकांमधली रुंदी. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा घ्या, त्याला सीजीच्या उंचीने भागा. जो आकडा येतो त्याला म्हणतात 'स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर'. अमेरिकेची रस्ता सुरक्षा यंत्रणा 'एनएचटीएसए' २००१ च्या मॉडेलांपासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्यानुसार स्टार देते, त्याचा पाया हाच भागाकार. २००४ पासून त्याला गाडी प्रत्यक्ष पळवून घेतलेल्या चाचणीची जोड मिळाली.

आपल्या गाडीची रुंदी १.४५ मीटर धरू. निम्मी ०.७२५, भागिले ०.५३७, म्हणजे १.३५. आकडा जितका मोठा तितकी गाडी जमिनीला धरून. बुटक्या कारचा आकडा साधारण १.३ ते १.५ च्या घरात असतो, उंच एसयूव्हीचा त्याहून खाली. आणि टपापर्यंत भरलेल्या ट्रकचा? तो १ च्या बराच खाली जातो.

याचा अर्थ घाटात नेऊन बघू. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७-०.८ धरतात. गाडीचा फॅक्टर यापेक्षा मोठा असेल, तर वेगात वळल्यावर ती उलटण्याआधी घसरते. घसरणं वाईटच, पण उलटण्यापेक्षा बरं. फॅक्टर पकडीपेक्षा कमी असेल, तर गाडी घसरायची वाट बघत नाही, थेट आडवी होते.

हिशेबासाठी एका लादलेल्या ट्रकचा फॅक्टर ०.५ धरा आणि १५ मीटर त्रिज्येचं हेअरपिन वळण घ्या. उत्तर येतं ताशी ३१ किलोमीटर. हे झालं आदर्श गणित. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, बॉडी बाहेर कलते, टायर वाकतात, त्यामुळे ट्रक याच्याही आधी हात टेकतो. घाटातल्या वळणावर ताशी २० किंवा ३० चा बोर्ड दिसला की 'एवढा हळू कोण चालवतं?' असं आपण म्हणतो ना? बुलेटवरून जाताना तो बोर्ड विनोदी वाटतो. मागून येणाऱ्या, छपरापर्यंत माल भरलेल्या ट्रकसाठी तो जीव वाचवणारा आकडा आहे.

आणि '१.३५ आहे, म्हणजे आपली कार उलटूच शकत नाही' असंही समजू नका. बहुतेक गाड्या नुसत्या वळण्याने उलटत नाहीत. त्या आधी घसरतात, मग चाक साइडपट्टीच्या खड्ड्यात, मऊ मातीत किंवा दुभाजकाला अडकतं आणि त्या अडकण्याने गाडी पलटी खाते. पाय अडखळून माणूस पडतो, तसंच. अशा वेळीही टिंब खाली असलेली गाडी तग धरते आणि वर असलेली पटकन कलंडते.

टपावरच्या सॅक

आता तुमच्या ट्रिपकडे येऊ. चार सॅक, एक तंबू, मिळून ६० किलो सामान. डिकी भरलीय, म्हणून कॅरियरवर बांधलं. टपावरच्या सामानाचा मध्य जमिनीपासून १.७ मीटर धरा. नवी उंची काढायची सोपी रीत: दोन्हींचं वजन गुणिले उंची, त्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. उत्तर येतं ६० सेंटिमीटर. म्हणजे टिंब साडेसहा सेंटिमीटर वर सरकलं आणि १.३५ चा फॅक्टर १.२० वर आला. कारसारखी कार एका दोरीच्या गाठीत एसयूव्हीच्या पंक्तीला जाऊन बसली!

तेच ६० किलो डिकीत, ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवले असते तर? फॅक्टर १.३४. जवळजवळ काहीच फरक नाही. वजन तेच, गाडी तीच, ड्रायव्हरही तोच. फरक फक्त जागेचा.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत १५ जणांच्या व्हॅन कॉलेजच्या खेळाडूंना सामन्यांना नेण्यासाठी सर्रास वापरल्या जायच्या. २००१ मध्ये एनएचटीएसएने इशारा दिला: दहा किंवा त्याहून जास्त माणसं बसलेल्या अशा व्हॅनचं, एकट्या वाहनाच्या अपघातांत उलटण्याचं प्रमाण कमी माणसं असलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट आहे. कारण? माणसं भरली की सीजी वर जातो आणि मागेही सरकतो. गाडी रिकामी असताना जशी वळायची तशी ती आता वळत नाही, आणि स्टिअरिंगवर बसलेल्याला ते आणीबाणीच्या क्षणापर्यंत कळत नाही. आपल्याकडे सात सीटच्या गाडीत अकरा जण आणि टपावर बॅगा, हे चित्र काही अनोळखी नाही.

एल्क आडवा आला आणि...

मोठ्या कंपन्यांकडे तर हे सगळं मोजायची साधनं असतात. तरी फजिती होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये 'टेक्निकेन्स व्हार्ल्ड' या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजच्या नव्याकोऱ्या ए-क्लासची चाचणी घेतली. स्वीडनमध्ये रस्त्यात एल्क, म्हणजे भलंमोठं सांबरासारखं जनावर, आडवं येतं. ते चुकवण्यासाठी झटकन एका बाजूला आणि लगेच परत मूळ लेनमध्ये, अशी ही चाचणी. उंच आणि आखूड ए-क्लास त्यात चक्क उलटली. जगभर बोभाटा झाला. कंपनीने डिलिव्हरी थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे ईएसपी, प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. तेव्हा महागड्या गाड्यांत मिरवणारी ईएसपी छोट्या कारपर्यंत यायला या एका पलटीने मोठा हातभार लावला.

टेबल तिरकं, गाडी सरळ

सीजीची उंची न काढताही गाडीची परीक्षा घेता येते. गाडी एका मोठ्या फळीवर उभी करायची आणि फळी एका बाजूने उचलत जायची. वरच्या बाजूची चाकं सुटू लागली की थांबायचं. त्या कोनाचा टॅन म्हणजे जवळपास आपला तोच फॅक्टर.

लंडनच्या डबलडेकरचे तिरक्या बसचे जुने फोटो पाहिले असतील, ते याच परीक्षेचे. वरच्या मजल्यावर प्रवाशांइतकं वजन, खालचा मजला जवळजवळ रिकामा, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती. तशी बस २८ अंश कललेली असताना उलटता कामा नये. २८ अंशांचा टॅन ०.५३. मुंबईत १९३७ पासून धावलेल्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीत बसून वळणावर पोटात गोळा आलेल्यांना त्या कोनाची कल्पना येईल. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस हे जड भाग तळाशी असतात, म्हणून एवढी उंच बस उभी राहते. इलेक्ट्रिक कारमध्येही जड बॅटरी फरशीखाली असते, त्यामुळे उंच दिसणाऱ्या गाडीचंही टिंब खाली राहू शकतं.

आता विद्यार्थ्यांच्या गाड्यांकडे या. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' होते, तिथे ट्रॅकवर जायच्या आधी प्रत्येक गाडीला तिरक्या टेबलाची परीक्षा द्यावी लागते. कोन किती? ६० अंश! टीममधला सगळ्यात उंच ड्रायव्हर सीटवर पट्टे बांधून बसलेला, एकही चाक सुटता कामा नये आणि इंधनाचा किंवा तेलाचा थेंबही गळता कामा नये. ६० अंशांचा टॅन १.७३. म्हणजे चाकांमधली रुंदी १.२ मीटर असेल, तर सीजी ३४-३५ सेंटिमीटरच्या आत हवाच.

इथे 'आमच्या कॅड मॉडेलमध्ये ३० सेंटिमीटर आलंय' हे उत्तर पुरत नाही. कॅडमध्ये वायरिंगचा गुंता नसतो, वेल्डिंगचं वजन नसतं, ऐनवेळी लावलेली कंसपट्टी नसते आणि बऱ्याचदा ड्रायव्हरही नसतो. गाडी २३० किलोची आणि ड्रायव्हर ७० किलोचा असेल, तर एकूण वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तो एकटाच. डिझाइनच्या फेरीत परीक्षक 'ही उंची कुठून आली?' असं विचारतात, तेव्हा तो ग्राफ पुढे करणाऱ्या टीमचा आवाजच वेगळा असतो. २००७ साली सुरू झालेल्या 'बाहा एसएईइंडिया'मध्ये पेच आणखी अवघड: दगडधोंड्यांवरून जायचं म्हणून गाडी जमिनीपासून उंच हवी, उलटू नये म्हणून टिंब खाली हवं. कुठे थांबायचं, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

रिक्षा का कलते?

तीन चाकांचं गणित वेगळं. रिक्षा सरळ बाजूला पडत नाही. पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून ती कलंडते. समजा सीजी पुढच्या चाकापासून व्हीलबेसच्या दोन तृतीयांश मागे आहे. तर त्या ठिकाणी तिला तोलायला मिळणारी रुंदीही जवळपास दोन तृतीयांशच. ड्रायव्हरच्या शेजारी दोघं कोंबले की सीजी पुढे सरकतो आणि ही रुंदी आणखी घटते. 'पुढे बसा, जागा आहे' हे म्हणून किती महाग पडू शकतं, ते यावरून समजा.

घरी करून बघा: सायकलचा सीजी

• साहित्य: सायकल, घरातला डिजिटल वजनकाटा, एक भक्कम स्टूल, टेप, एक मित्र.

• हँडल सरळ ठेवून दोरीने बांधा. आधी सायकलचं एकूण वजन घ्या.

• पुढचं चाक काट्यावर ठेवा, मागच्या चाकाखाली काट्याइतक्याच जाडीची वही किंवा फळी. आकडा लिहा. मित्राने सायकल फक्त दोन बोटांनी उभी धरायची, वर उचलायची किंवा दाबायची नाही.

• आता मागचं चाक ४५ सेंटिमीटर वर स्टुलावर. पुढचा आकडा परत लिहा.

• व्हीलबेस, चाकाच्या मध्याची उंची आणि वाढलेलं वजन वरच्या सूत्रात घाला. व्हीलबेस १ मीटर असेल तर कोनाचा टॅन साधारण ०.५ येतो. १५ किलोच्या सायकलला काट्यावर किलो-दीड किलोचा फरक दिसायला हवा.

• मग कॅरियरवर पाच किलोची पिशवी घट्ट बांधा आणि परत मोजा. टिंब किती वर गेलं?

एकदा हे स्वतःच्या हाताने केलंत की रस्त्यावरची प्रत्येक गाडी वेगळी दिसायला लागते. पुढे चाललेली उसाची ट्रॉली, टपावर गाद्या बांधलेला टेम्पो, अर्धा भरलेला, आतलं पाणी हिंदकळणारा टँकर, यांच्या पोटातलं ते टिंब तुम्हाला जवळपास दिसतं आणि वळणावर तुम्ही आपोआप अंतर राखता. पुण्यातल्या एआरएआयपासून पीथमपूरच्या नॅट्रॅक्सपर्यंत गाड्या तपासणाऱ्या संस्थांमध्ये माणसं अशीच टिंबं शोधण्यात आयुष्य घालवतात. तुम्हाला करिअर म्हणून ते हवं असेल, तर सुरुवात सायकलपासून करा. नको असेल, तरी पुढच्या ट्रिपला एवढं करा: जड सामान खाली, हलकं वर, कॅरियर शक्यतो रिकामं, आणि गाडीत जेवढे पट्टे तेवढीच माणसं. उरलेल्यांसाठी एसटी आहेच.